जुन्या गालिच्याचं काय करावं?

भंगारवाला गालिचा घेत नाही म्हणून तो कचरापेटीशेजारी टाकावा का, असं तुम्ही विचारलंय. कृपया टाकू नका. पावसात भिजला की तो खूप जड होतो आणि सफाई कामगारांना तो ओढत न्यावा लागतो.

आधी गालिचा कशाचा आहे ते बघा. कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनसारखा कृत्रिम धागा. लोकरीचा, रबराचा थर नसलेला गालिचा कापून झाडांच्या बुंध्याशी अंथरता येतो, हळूहळू कुजतो. कृत्रिम धाग्याचा मात्र मातीत नकोच, त्याचे प्लास्टिकचे कण तिथेच राहतात. जाळायचा तर मुळीच नाही. धूर विषारी असतो आणि उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे.

धड असेल तर धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून वॉचमनकाका किंवा कामाच्या मावशींना विचारा. हवा असेल तरच द्या. फारच विरलेला असेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला मोठ्या कचऱ्याबद्दल फोन करा. पुण्यात असाल तर कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेकडेही चौकशी करा. देताना गुंडाळून सुतळीने बांधा.