पानिपतच्या वेळी शुजाउद्दौला आपल्या बाजूला का आला नाही?

तुम्ही विचारलंय की, लढाई तोंडावर आली असताना कुंपणावर बसलेल्याला आपल्याकडे कसं वळवतात, मोठं पद देऊ केलं की पुरतं का? नाही पुरत. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याचं १७६० सालचं प्रकरण बघा. वर्षानुवर्षे वाचूनही मला त्याची हळहळ वाटते.

शुजा खरं तर आपला, म्हणजे मराठ्यांचा होता. त्याचा बाप सफदरजंग १७५१ मध्ये बंगश आणि रोहिले या अफगाण सरदारांपुढे हतबल झाला, तेव्हा जयाप्पा शिंदे आणि मल्हारराव होळकर त्याच्या मदतीला धावले होते. उलट नजीबखान रोहिला दोनच वर्षांनी सफदरजंगाविरुद्ध लढला. तरीही शुजाला अब्दालीकडे नेलं ते नजीबानेच!

सदाशिवरावभाऊंनी बुंदेलखंडातले मराठी अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांच्यामार्फत प्रयत्न केले, पत्रं धाडली, दिल्लीच्या बादशहाची वजिरीही देऊ केली. पण वजिरी अब्दालीकडूनही मिळणार होती. नजीब मात्र स्वतः उठून गंगाकाठी मेहंदीघाटला गेला, शुजासमोर बसला, शब्द दिला आणि त्याला घेऊनच निघाला. जुलैमध्ये शुजा अनूपशहरला अब्दालीच्या छावणीत दाखल झाला.

माझ्या मते खरी अडचण त्याहून जुनी होती. काशी आणि प्रयाग आपल्या ताब्यात यावेत ही पेशव्यांची कितीतरी वर्षांची मागणी, आणि दोन्ही ठिकाणं शुजाच्या मुलखात. ज्याच्या जमिनीवर आपला डोळा आहे, त्याने आपल्या शब्दावर विसंबावं कसं? अब्दाली आज ना उद्या काबूलकडे परतणार होता, मराठे शेजारीच राहणार होते. रजपुतांचंही तेच. जयपूरच्या वारसाहक्काच्या भांडणात आपण खंडणीसाठी इतका तगादा लावला की तिथला राजा ईश्वरीसिंह याने १७५० मध्ये जीव दिला. दहा वर्षांनी तिथून फौज कशी येणार?

शुजाने दोर पुरता तोडला नव्हता, हे लक्षात घ्या. पानिपतावर उपासमार सुरू झाल्यावर भाऊंची तहाची बोलणी त्याच्याच मार्फत चालली. नजीबाने ती हाणून पाडली. १४ जानेवारी १७६१ ला, लढाईच्या दिवशी उजाडण्यापूर्वी, शुजाचा कारभारी काशीराज याला भाऊंची चिठ्ठी आली: पेला काठोकाठ भरलाय, आता थेंबही मावणार नाही, काही होणार असेल तर करा, नाहीतर साफ सांगा. काशीराज ती शुजाला सांगतोय तोवर मराठे छावणीबाहेर पडल्याची खबर घेऊन हेर आले.