गोळीशिवाय झोप परत कशी आणावी? (इंदूर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६. रात्री १०:३० ला अंथरुणावर पडता, १२:३० पर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पहाटे ४ ला जाग येते, ती पाऊण तास टिकते. उठता ६:३० ला. आठवड्यातले चार-पाच दिवस हेच, आणि याला आता चार महिने झाले. गोळी नको, घरगुती उपाय हवेत.

जायफळ-दुधाकडे मी येतोच, पण आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. अंथरुणात ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं. प्रत्यक्ष झोप सव्वापाच तास, म्हणजे ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ४८०, साधारण ६६ टक्के. चांगल्या झोपेत हा आकडा ८५ च्या पुढे असतो. म्हणजे रोज पावणेतीन तास तुम्ही गादीवर जागे पडून असता, आणि चार महिन्यांत शरीर हेच शिकलंय की गादी ही जागं राहण्याची जागा आहे. झोप कमी पडते म्हणून माणूस लवकर पडायला लागतो आणि नेमकं तेच उलटं पडतं.

उपाय ऐकायला क्रूर वाटेल: अंथरुणातला वेळ कापा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत. निद्रानाशासाठी जी वर्तन-उपचारपद्धती डॉक्टर वापरतात (सीबीटी-आय), तिचा कणा हाच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये गोळ्यांच्या आधी हीच द्यावी असं सांगितलं.

एक आठवडा वहीत रोज सकाळी अंदाजानं लिहा: कधी पडलात, कधी झोप लागली, किती जाग, कधी उठलात. घड्याळ बघून नको, घड्याळ तर भिंतीवरून काढूनच ठेवा. सरासरी सव्वापाच तास आली तर अंथरुणाला साडेपाच तास द्या, त्याखाली जाऊ नका. उठायची वेळ ६ पक्की धरली तर पडायची वेळ १२:३०. सात दिवस असेच काढा. आठवड्याची टक्केवारी ८५ च्या वर गेली की पडायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा, १२:१५. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशेब. ८५ च्या वर गेली नसेल तर आहे तिथेच थांबा. अशा रीतीनं साडेसहा-सात तासांवर यायला सहा ते आठ आठवडे लागतात.

बहुतेकांचं फसतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. दिवसभर डोळे मिटायला लागतात, आणि 'हे आपल्याला मानवत नाही' असं वाटून माणूस नवाला आडवा होतो. ती पेंग हीच या उपायाची कमाई आहे. दिवसभर जागं राहून मेंदूत झोपेची ओढ साठते, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर लागलेली वीस मिनिटांची डुलकी ती खर्चून टाकते. म्हणून दुपारची वामकुक्षीही या काळात बंद. रविवारी ६ चे ८ झाले तरी आठवड्याची मेहनत वाया जाते. शनिवारी रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्याच्या खाऊबाजारात जावंच लागलं तर जा, पण रविवारी ६ लाच उठा. आणि पहिले दोन आठवडे बायपासवर लांब गाडी चालवू नका, हे मी गंभीरपणे सांगतोय.

दुसरा भाग मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांचा, १९७२ चा. झोप येत नाहीये असं जाणवलं, साधारण वीस मिनिटं गेलीशी वाटली, की उठा. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात खुर्चीवर बसा आणि हाताला कंटाळवाणं काम द्या: लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला. मोबाइल नको. पापण्या जड झाल्या की परत गादीवर. पहाटे ४ ला जाग आली तरी हाच नियम. उत्तररात्रीची झोप मुळात हलकीच असते, जाग येणं हा आजार नव्हे. जाग आल्यावर 'अजून दोनच तास उरले' ही बेरीज-वजाबाकी झोप मोडते. त्या विचारांसाठी संध्याकाळी ७ च्या सुमारास पंधरा मिनिटं ठेवा: वहीत डावीकडे काळजी, उजवीकडे उद्या करायचं एक काम.

उठल्यावर अर्धा तास गच्चीवर किंवा बाहेर, उजेडात. आपल्याकडे जानेवारीत सूर्य ७ नंतर उगवतो, तेव्हा उठायची वेळ तीच, फेरफटका तेवढा उशिरा.

चहाचं गणित बघा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ६ चा कप रात्री ११ लाही निम्मा अंगात असतो. म्हणून शेवटचा चहा १ वाजता. जेवण पडण्याआधी ३ तास. गराडू (तळलेला कंद), कचोरी रात्री ११ ला खाऊन आडवं झालं की आम्ल वर येतं. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते.

आता घरगुती. जायफळाचे सहाणेवर दोन-तीन वेढे, अर्धा कप कोमट दुधात: निरुपद्रवी, गुण बेताचा. पण 'जास्त घेतलं तर जास्त झोप' करू नका. एक अख्खं जायफळ ५ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि तेवढ्यानं धडधड, उलट्या, भ्रम होऊ शकतो. त्याहून मला पायांचा उपाय आवडतो: पडण्याआधी तासभर पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासणं. तळपाय तापले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर जाते, आणि आतलं तापमान उतरणं ही झोपेची पूर्वतयारीच असते. शब-ए-मालवा (माळव्याची रात्र) म्हणून आपल्या रात्रींचा गारवा नावाजलेला, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. सर्दीच्या गोळ्या झोपेसाठी घेऊ नका. त्यांची झोप काही दिवसांत ओसरते, सकाळची सुस्ती उरते. अल्प्राझोलामसारखी झोपेसाठीची गोळी आधीपासून चालू असेल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

अंथरुणातला वेळ कापण्याचा उपाय काहींनी मनानं करूच नये: फिट्स येणारे, बायपोलर आजार असलेले, झोपेत चालणारे, गरोदर, आणि ट्रक-बस चालवणारे किंवा यंत्रावर काम करणारे. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर आधी स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी. रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवावेसेच वाटत असतील तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. थायरॉइडही एकदा तपासून घ्या. दोन आठवडे कशातच मन रमत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून आजच डॉक्टर गाठा; टेली-मानसचा १४४१६ हा फोन २४ तास मोफत आहे.

झोप सुधारल्यावरही लग्नसराईत, घरातल्या आजारपणात ती पुन्हा बिघडेल. तेव्हा लवकर पडून भरपाई करायला जाऊ नका. वही काढा, आठवडाभर नोंद ठेवा, आणि पडायची वेळ अर्धा तास पुढे ढकला. उठायचं ६ लाच.