मेकफाइलमध्ये दुसरी भाषा आणताना

(मेक हे सोर्स फाइलींपासून प्रोग्राम तयार करणारं साधन, आणि मेकफाइल ही त्याच्या नियमांची फाइल. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, टंकताना ती रोमन अक्षरांतच टंकावीत.)

प्रश्न : केळीच्या ठिबक सिंचनाचा आमचा प्रकल्प सी भाषेत आहे. बाष्पपर्णोत्सर्जनाचं (जमिनीतून आणि पानांतून उडणाऱ्या पाण्याचं) पेनमन-माँटीथ गणित मात्र जुन्या फोरट्रान फाइलींत तयार आहे आणि ते तसंच वापरायचं आहे. मेकफाइलमध्ये फोरट्रानचा नियम घातला. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड होतो, मैत्रिणीकडे 'मॉड्यूल फाइल उघडता येत नाही' म्हणून थांबतो. '-जे४' (एका वेळी चार कामं) दिलं की बहुतेक वेळा थांबतोच. नियमात काय चुकलं?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : नियम चुकलेला नाही, अपुरा आहे. '%.एफ९०' पासून '%.ओ' कशी करायची एवढंच तुम्ही मेकला सांगितलंत. कोणती फाइल आधी करायची हे सांगायचं राहिलं. सीमध्ये याची गरज भासत नाही, कारण हेडर आधीच लिहिलेली असतात आणि प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होऊ शकते. फोरट्रानचं तसं नाही. मॉड्यूल असलेली फाइल कंपाइल झाली की ऑब्जेक्टबरोबर एक '.मॉड' फाइलही तयार होते, आणि त्या मॉड्यूलला 'यूज' करणाऱ्या प्रत्येक फाइलला ती आधी तयार लागते.

'-जे' नसताना मेक यादीतल्या क्रमाने जातं, म्हणून क्रम योगायोगाने जुळला तर काम निभावतं. यादी वाइल्डकार्डने घेतली असेल तर हा योगायोगही भरवशाचा नाही. जीएनयू मेक ३.८२ पासून ४.२ पर्यंत वाइल्डकार्डची यादी अकारविल्हे लावलेली नसे, ४.३ पासून ती पुन्हा लावून मिळते. तुमच्याकडे होतं आणि मैत्रिणीकडे नाही, याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे तुमच्या फोल्डरमध्ये पडून राहिलेल्या जुन्या '.मॉड' फाइली. त्या क्रमाची चूक झाकतात. 'क्लीन'मध्ये '.मॉड' पुसायची ओळ आजच घाला.

उपाय साधा आहे. 'पीक.एफ९०' मध्ये हवामान मॉड्यूल वापरलं असेल, तर 'पीक.ओ: हवामान.ओ' अशी ओळ लिहा. तिच्याखाली आज्ञा लागत नाही. दहा-बारा फाइलींपर्यंत हे हाताने लिहिणं जमतं. त्यापुढे सीमेक (मेकफाइल स्वतः तयार करून देणारं साधन) वापरा. ते 'यूज'च्या ओळी स्वतः वाचून क्रम लावतं. सीमेकबरोबर मेकऐवजी निन्जा वापरणार असाल तर निन्जा १.१० किंवा त्यापुढची घ्या, कारण बिल्ड चालू असताना सापडलेला क्रम मानण्याची सोय त्यात तेव्हा आली.

डिपेंडन्सी (कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते) '.मॉड'वर न लिहिता '.ओ'वर लिहा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. मॉड्यूलचा बाहेरून दिसणारा भाग बदलला नसेल तर जीफोरट्रान हा फोरट्रान कंपायलर '.मॉड' फाइलीला हात लावत नाही, तिची वेळ जुनीच राहते. ती टार्गेट (तयार करायची फाइल) म्हणून लिहिली असेल तर मेकला ती कायम शिळी वाटते आणि दर वेळी तेच कंपाइल होत राहतं.

आता एक विचित्र अडचण, कारण ती तुम्हाला भेटू शकते. मध्येच 'एम२सी: आज्ञा सापडली नाही' असं दिसलं तर घाबरू नका. जीएनयू मेकमध्ये मॉड्युला-२ या जुन्या भाषेचे नियम मुळातच आहेत आणि तिच्या फाइलींचं शेपूटही '.मॉड'च आहे. 'हवामान.मॉड' दिसली की मेकला तो मॉड्युलाचा सोर्स वाटू शकतो. मेकफाइलमध्ये '%.ओ: %.मॉड' ही ओळ आज्ञेशिवाय लिहिली की तो नियम रद्द होतो. त्याबरोबर जीफोरट्रानला मोठा '-जे' पर्याय देऊन '.मॉड' फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा (मेकचा '-जे' लहान लिपीतला, हा मोठ्या). आणि त्या पेनड्राइव्हवरून कॉलेजात नेऊ नका. जीफोरट्रानची आवृत्ती वेगळी निघाली तर त्या नाकारल्या जाऊ शकतात. न्यायचा तो सोर्स.

प्रश्न : दोन्ही भाषा कंपाइल होतात, पण लिंक करताना सीला फोरट्रानचं सबरूटीन सापडत नाही. नाव तर बरोबर आहे.
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाव तुम्हाला बरोबर दिसतं, लिंकरला नाही. जीफोरट्रान सुट्या सबरूटीनचं नाव लहान अक्षरांत करून शेवटी अधोरेखा जोडतं, आणि मॉड्यूलमधल्या सबरूटीनच्या नावात मॉड्यूलचं नावही गुंफतं. सीच्या बाजूला अधोरेखा जोडून भागवू नका. फोरट्रान २००३ पासून 'बाइंड(सी)' ही प्रमाण सोय आहे. तीच वापरा, आणि आकड्यांचे प्रकार 'आयएसओ_सी_बाइंडिंग'मधून घ्या. सीकडून डबल आणि फोरट्रानकडे साधा रिअल अशी गफलत झाली तर कंपायलर किंवा लिंकर तुम्हाला अडवणार नाही. फक्त उत्तर चुकेल, आणि पाण्याच्या हिशोबात ते लवकर लक्षातही येणार नाही. फोरट्रान आर्ग्युमेंट पत्त्याने घेतं, म्हणून सीकडून पॉइंटर द्या किंवा फोरट्रानमध्ये 'व्हॅल्यू' लिहा. दोन मितींचा ॲरे फोरट्रानमध्ये स्तंभांनुसार साठतो, सीमध्ये ओळींनुसार. ३० दिवस गुणिले २४ तासांचा तक्ता पलीकडे २४ गुणिले ३० म्हणून जाहीर करावा लागतो.

शेवटचं लिंक जीफोरट्रानकडून करवा, म्हणजे त्याच्या लायब्ररी आपोआप जोडल्या जातात. सी++ सुद्धा असेल तर जी++ ने लिंक करून '-एलजीफोरट्रान' जोडा. सीमेकमध्ये दोन्ही भाषा 'प्रोजेक्ट'च्या ओळीत जाहीर केल्या की ही निवड ते स्वतः करतं.

प्रश्न : मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या पीकगुणांकांसाठी आम्ही छोटी तक्ता-भाषा केली. आमचं साधन त्या तक्त्यातून सीची फाइल आणि हेडर अशा दोन फाइली काढतं. '-जे४' दिलं की साधन दोनदा चालतं आणि हेडर कधी अर्धवट सापडतं.
— दोन मित्र, नंदुरबार

उत्तर : 'तक्ता.सी तक्ता.एच: तक्ता.टीबी' असं लिहिलं की मेक ते दोन स्वतंत्र नियम समजतं. दोन कामगारांना एकच काम दिल्यासारखं होतं आणि दोघं एकाच फाइलीवर लिहितात. जीएनयू मेक ४.३ पासून (२०२०) ':' ऐवजी '&:' लिहिता येतं; त्याचा अर्थ 'ही एक आज्ञा दोन्ही फाइली देते'. मेक जुनं असेल तर '%' वापरून पॅटर्न नियम लिहा. त्यात अनेक टार्गेट एकत्रच धरली जातात.

उजव्या बाजूला साधनाचंही नाव हवं. नाहीतर साधनातली चूक दुरुस्त कराल आणि तक्ते जुनेच राहतील. हे बहुतेक जण विसरतात.

दुसरा खड्डा पहिल्या बिल्डचा. '-एमएमडी -एमपी' दिल्यावर जीसीसी कोणती हेडर वाचली ते '.डी' फाइलीत लिहून ठेवतं, पण ती फाइल कंपाइल झाल्यानंतरची. पहिल्या वेळी मेकला काहीच माहीत नसतं आणि 'तक्ता.एच' तयार होण्याआधीच 'मुख्य.सी' कंपाइल करायला घेतली जाते. म्हणून सगळ्या ऑब्जेक्टच्या नियमात उभ्या रेघेनंतर 'तक्ता.एच' लिहा. रेघेनंतरची फाइल आधी तयार झाली पाहिजे एवढंच मेक पाहतं, तिच्या वेळेवरून सगळं पुन्हा कंपाइल करत नाही.

अर्धवट फाइलीचं दुसरं कारण वीज. '.डिलीट_ऑन_एरर' लिहिलं तर आज्ञा फसल्यावर मेक अर्धी फाइल पुसतं, पण वीज गेली की मेकच बंद पडतं. मग ती अर्धी फाइल ताजी वाटते. साधनाने आधी तात्पुरत्या नावाने लिहावं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलावं.

प्रश्न : एक भाग रस्टमध्ये लिहिला आहे. त्याच्या सगळ्या '.आरएस' फाइली मेकफाइलमध्ये लिहायच्या का? आमच्याकडे धडगाव भागात नेटचाही भरवसा नाही.
— एक वाचक, शहादा

उत्तर : लिहू नका. रस्टचं कार्गो ही स्वतःच बिल्ड व्यवस्था आहे. काय शिळं झालं ते तिला मेकपेक्षा चांगलं कळतं. क्रेटचा (रस्टच्या पॅकेजचा) प्रकार 'स्टॅटिकलिब' ठेवा, '.ए' फाइलीच्या नियमात एक फोनी टार्गेट (फाइल नसलेलं नुसतं नाव) डिपेंडन्सी म्हणून द्या आणि दर वेळी कार्गो चालू द्या. '.ए' फाइललाच फोनी करू नका, नाहीतर दर वेळी लिंक होईल. आज्ञेच्या सुरुवातीला '+' लावा, म्हणजे '-जे४' मधले चार कामगार मेक आणि कार्गो वाटून घेतात. नेट असेल त्या दिवशी 'कार्गो व्हेंडर' चालवा, ते छापतं त्या ओळी कॉन्फिगमध्ये घाला आणि पुढे '--ऑफलाइन' द्या.

प्रश्न : नवी भाषा नीट बसली हे ओळखायचं कसं?
— प्रयोगशाळा सहायक, अमळनेर

उत्तर : मेक लागोपाठ दोनदा चालवा, दुसऱ्यांदा एकही आज्ञा चालता कामा नये (कार्गो चालेल, पण त्यानंतर लिंक नको). मग नव्या भाषेची एक फाइल 'टच' करा आणि नेमक्या तिच्यावर अवलंबून असलेल्याच फाइली पुन्हा होतात का ते पाहा. नंतर क्लीन करून 'मेक --शफल' चालवा. जीएनयू मेक ४.४ पासून (२०२२) हा पर्याय डिपेंडन्सींचा क्रम मुद्दाम विस्कटतो, त्यामुळे लिहायची राहिलेली डिपेंडन्सी उघडी पडते. चार-पाच वेळा चालवा. बिल्ड फसला की मेक त्या वेळचा शफलचा आकडा छापतं. तोच पुन्हा दिला की तीच चूक हमखास पुन्हा दिसते.

प्रयोगशाळेत एक गोष्ट आधी तपासा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेल्या संगणकात वीज गेली की तारीख मागे जाते. त्यावर सुधारलेली फाइल जुन्या ऑब्जेक्टपेक्षाही जुनी ठरते आणि मेक 'सगळं ताजं आहे' म्हणून गप्प बसतं. 'क्लॉक स्क्यू'ची सूचना दिसली तर मेकफाइल उघडण्याआधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरची ती बॅटरी बहुतेक वेळा सीआर२०३२ असते.