साखरेची भाकर का ऐकू येते?

घरातलं वयस्क माणूस मुद्दाम दुर्लक्ष करतंय की त्याची स्मरणशक्ती चाललीय, ही शंका घेऊन कोल्हापुरात माझ्याकडे बरीच कुटुंबं येतात. त्यातल्या एकाबद्दल, ओळख बदलून सांगते.

सुनेची सासऱ्यांबद्दल तक्रार होती, "मामांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतंय. ह्यांनी हाक मारली की लगेच ओ देतात. मी साखर आणा म्हटलं तर म्हणतात, भाकर आत्ताच खाल्ली की!" मुलाला वेगळीच भीती, बाबांना स्मृतिभ्रंश तर नाही ना? मामा गप्प होते. मी समोर बसून सावकाश विचारलं, तेव्हा नातवंडांचे वाढदिवस, भिशीचा हिशेब, सगळं बिनचूक सांगितलं. मग म्हणाले, "आवाज येतोय, शब्द लागत न्हाईत. आणि कुणी वरडलं की कान फाटतोय."

निम्मं उत्तर इथंच होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उद्यमनगरातल्या फौंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतीव लोखंड घासून साफ करण्याच्या कामावर, काढलेली, ग्राइंडरच्या आवाजात, कानात काही न घालता. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली. जाड आवाजांना कान जवळजवळ ठीक, ३००० हर्ट्झपुढे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक) आलेख घसरलेला, ४००० पाशी सर्वांत खोल.

तो आलेख मी तिघांसमोर ठेवला. आवाजानं कानाचा पडदा हलतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडं ते कंपन आतल्या अडीच वेढ्यांच्या, द्रवानं भरलेल्या शंखात पोचवतात. तिथल्या सुमारे १५,००० केसपेशी, म्हणजे केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, त्याचे विद्युतसंदेश करून मेंदूकडे धाडतात. शंखाच्या तोंडाशी बारीक आवाज टिपले जातात, आतल्या टोकाशी जाड. कंपनाची लाट शंखात कशी सरकते, हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञ बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. गोंगाटानं आणि वयानं बहुधा तोंडाजवळच्या पेशी आधी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

'आ', 'अ' जाड आणि जोरकस, ते पोचतात. 'स'चा जोर मात्र ४००० हर्ट्झच्या आसपास आणि वर, तो गळतो. उरतं 'आखर'. उरलेली जागा मेंदू ओळखीच्या शब्दानं भरतो, म्हणून भाकर! मुलाचा आवाज जाड, सुनेचा बारीक, म्हणून 'सोयीचं' ऐकू येत होतं. ओरडल्यानं मुख्यतः स्वरच वाढतात, गळालेली अक्षरं फारशी उमटत नाहीत. शिवाय अशा कानाला हळू आवाज कळत नाही आणि मोठा एकदम असह्य होतो.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र मामांचं जास्त वाईट वाटलं. चारचौघांत चुकीचं उत्तर जाईल या धास्तीनं त्यांनी लग्नकार्यालासुद्धा जाणं सोडलं होतं.

श्रवणयंत्र बसवलं. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट नकोसा झाला, यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं. असं बऱ्याच जणांचं होतं. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडून, ते पुन्हा जुळवून घेतलं, रोज थोडा थोडा वेळ वाढवला. घरानंही सवयी बदलल्या: आधी हाक, मग समोर येऊन बोलणं, टीव्ही बंद.

हे सारं हळूहळू कमी होणाऱ्या ऐकण्याबद्दल. एका कानाचं ऐकणं एकाएकी, तास-दोन तासांत किंवा रात्रीतून गेलं, तर 'मळ असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठा. तिथं उपचाराला उशीर परवडत नाही.