गोळ्या सुरू केल्या तर दूध तोडावं लागेल का?

बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी येणाऱ्या अनेक जणींना आजारापेक्षा उपचाराची धास्ती जास्त असते. "औषध घेतलं तर अंगावर पाजता येणार नाही ना?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की तो आला नाही तर मीच काढते. आज जिची गोष्ट सांगतेय, तिने तो खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारला होता. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं आणि तिला मोठी बहीण घेऊन आली होती. बहीण म्हणाली, "मॅडम, ही रडत नाही हो. रडली असती तर मी एवढी घाबरले नसते."

नैराश्य म्हणजे रडणं, अशी अनेकांची समजूत असते. हिच्या हातात एक वही होती. बाळ किती वाजता प्यालं, कोणत्या बाजूला, किती मिनिटं, शी-शू कधी झाली, सगळं रात्रंदिवस लिहिलेलं. घरचे कौतुक करत होते, काय काळजी घेते पोरगी! मी पानं चाळली आणि एकच विचारलं, "बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?" ती म्हणाली, "नाही. श्वास चालू आहे ना, ते बघत बसते."

बाळामुळे झोप मोडणं वेगळं. बाळ गाढ झोपलंय, कुशीत दुसरं कोणी घ्यायला तयार आहे, तरी डोळा लागत नाही, हे लक्षण मी फार गांभीर्याने घेते.

"पहिलटकरणीला होतं असं, निघून जाईल," असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. पहिल्या काही दिवसांपुरतं ते खरंही असतं. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्याने खाली येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास उगाच डोळे भरून येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून अधिक जणींना होतं. पण ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उठत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर वाट बघण्यात अर्थ नसतो. आणि "बाळाकडे बघ, सगळं विसरशील" हा सल्ला तर कोणी देऊच नये. बाळाकडे बघूनही काही वाटत नाही, हेच तर तिचं दुःख असतं.

मी तिला बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी एडिंबरा प्रश्नावली भरायला दिली. 1987 पासून ती जगभर वापरात आहे. फक्त 10 प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, एकूण गुण 30. निदान डॉक्टरच करतात, पण बोलणं सुरू करायला या कागदाइतकं सोपं साधन माझ्याकडे दुसरं नाही. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, आणि बेरीज कितीही येवो, त्याचं उत्तर मी आधी बघते. तिने 'कधीकधी'वर खूण केली होती, मग ती खोडून 'कधीच नाही'वर केली होती.

"हे खोडलंय, त्याबद्दल बोलू या का?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मरायचं नाहीये मला. पण मी नसते तर बाळाचं बरं झालं असतं, असं वाटतं." आणि मग एका दमात, "जिना उतरताना बाळ हातातून सुटतंय असं दिसतं. मीच टाकतेय असं दिसतं. म्हणून मी आता जिना उतरतच नाही. हे कोणाला सांगितलं तर बाळ माझ्याजवळ ठेवतील का?"

असे नकोसे विचार कितीतरी नव्या आयांच्या मनात येतात, अगदी नैराश्य नसलेल्यांच्याही. त्यांची तिला किळस येत होती, भीती वाटत होती, ती जिना टाळत होती. म्हणजे विचार तिच्या इच्छेच्या विरुद्ध होते, आणि हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. तरी काही गोष्टी मी विचारून घेतल्याच: आवाज ऐकू येतात का, बाळात काही वाईट शक्ती आहे असं वाटतं का, झोप न घेताही अंगात खूप जोर संचारल्यासारखं होतं का, गोंधळल्यासारखं होतं का. तसं काही असेल तर ते नैराश्य नसून प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार (सायकोसिस) असू शकतो, ज्यात वास्तवाचं भान सुटतं. तो हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो, आणि तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. बाईला आणि बाळाला एकटं ठेवायचं नसतं. स्वतःला संपवण्याचा बेत मनात असेल तरीही हेच. हिच्या बाबतीत तसं नव्हतं. तरी मरणाचे विचार घरी माहीत हवेत, यावर आमचं एकमत झालं, आणि तिच्या परवानगीने बहिणीला आत बोलावलं.

आता गोळ्यांचा प्रश्न. मी समुपदेशक आहे, औषध लिहून देणं माझं काम नाही. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि थायरॉइड व हिमोग्लोबिनची तपासणीही करायला सांगितली, कारण प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण नुसत्या त्यांनी भागण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुचवलं आणि ती पुन्हा माझ्याकडे आली. "थोडं सहन करते. दूध सुटलं की मग घेईन."

तिच्या मनातला हिशोब असा होता: एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पण दुसऱ्या बाजूला आजार होता. तिची भूक गेली होती, दूध कमी होत चाललं होतं आणि बाळाशी बोलणं जवळपास थांबलं होतं. बाळापर्यंत हेही पोचतच असतं. याउलट, आईच्या वजनाच्या हिशोबाने तिच्या मात्रेतला 10 टक्क्यांहून कमी भाग दुधातून बाळाकडे जात असेल तर ते औषध सहसा चालण्याजोगं मानतात, आणि सर्ट्रालीनचं प्रमाण त्याहूनही बरंच कमी असतं. म्हणूनच अंगावर पाजणाऱ्या आयांना ते बऱ्याचदा पहिल्यांदा दिलं जातं. सगळीच औषधं अशी नसतात, मनाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमसारख्यांना जास्त देखरेख लागते. त्यामुळे मैत्रिणीची चिठ्ठी वापरू नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, बेफाम खर्चाचा, झोपेविना धावपळीचा काळ येऊन गेला असेल तर तोही सांगावा, कारण मग औषधच वेगळं निवडावं लागतं. कोणाला पाजणंच झेपत नसेल आणि तिने वरचं दूध दिलं, तर मी तिला एका शब्दानेही टोकणार नाही.

तिने गोळी सुरू केली. दुसऱ्या आठवड्यात फोन आला, मळमळतंय, फरक शून्य, सोडून देऊ का? फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्रास मात्र आधी सुरू होतो. हे आधी माहीत नसेल तर नेमक्या याच टप्प्यावर बायका गोळ्या बंद करतात. ती डॉक्टरांशी बोलली आणि टिकली.

नवरा एका सत्राला आला आणि आल्याआल्या म्हणाला, "साथ द्या असं सगळे सांगतात. नेमकं काय करू ते सांगा." मला हा माणूस आवडला. आम्ही ठरवलं की रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर तो करेल, म्हणजे तिला सलग चार-पाच तास मिळतील, तेही दुसऱ्या खोलीत. गोळ्या संपायच्या आधी आणायच्या त्यानेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले दारातच थोपवायचे त्यानेच. आणि "आता बरं वाटतंय ना?" असं रोज विचारायचं नाही. (वडिलांनाही नैराश्य येतं. त्यालाही मी दोन प्रश्न विचारून घेतले.)

सत्रांमध्ये आम्ही जास्त बोललो ते तिच्या हातून निसटलेल्या गोष्टींवर: काम, मैत्रिणी, स्वतःच्या आईशी झालेली तेढ. नात्यांवर आणि बदललेल्या भूमिकेवर काम करणारी ही पद्धत बाळंतपणानंतरच्या नैराश्यात चांगली उपयोगी पडते. सौम्य आजारात कधी तेवढ्यावरच भागतं, गोळी लागतही नाही. जिन्यासाठी वेगळा सराव केला. आधी एक पायरी, बहीण शेजारी. मग एकटीने.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. चार दिवस बरे, मग एक दिवस असा की सगळं पहिल्यापासून. वही तिने स्वतःहून कमी केली, आधी मिनिटं लिहिणं थांबवलं, मग बाजू.

बरं वाटू लागल्यावर तिला गोळी लगेच बंद करायची होती. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात, नाहीतर आजार उलटण्याचा धोका असतो. ते तिने ऐकलं. मग विचारलं, "दुसरं मूल झालं तर परत होईल का?"

शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मी लपवलं नाही. पण पुढच्या वेळी दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत हा इतिहास सांगता येतो, औषध चालू ठेवायचं की नाही ते आधीच ठरवता येतं, आणि रात्रीचं कोण बघणार याची वाटणी प्रसूतीआधीच करता येते. ती म्हणाली, वाटणीचं आजच बोलून घेते त्याच्याशी.