बाटली नासलेली नाही, सासरेबुवा!

प्रश्न : मॅडम, माझा जावई नोकरीनिमित्त ब्रसेल्सला असतो. दिवाळीला येताना त्यानं तिथल्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर ‘कँटिलॉन’ आणि ‘ग्यूझ’ असं काहीतरी आहे. जाड काच, आत शॅम्पेनसारखं बूच. घोट घेतला तर कच्च्या कैरीसारखी आंबट, आणि तळाला गाळ! मला वाटतं नासली. जावई म्हणतो, अशीच असते. वर सांगतो की त्या कारखान्यात कोळ्यांची जाळीसुद्धा काढत नाहीत. जावयाला तोंडावर खोटं कसं पाडणार? दुसरी बाटली ठेवू की ओतून देऊ? आणि असलं काही घरी जमतं का?
— एक सासरे, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ओतू नका हो! जावई खरं बोलतोय, जाळ्यांसकट.

नाव तिकडे ‘कांतियों’ असं म्हणतात. ब्रसेल्सच्या आंदरलेख्त भागात, मिडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर हा कारखाना आहे. पॉल कांतियों आणि त्यांची बायको मारी ट्रॉख यांनी तो १९०० साली सुरू केला. आधी ही मंडळी दुसऱ्यांची बिअर आणून तिची फक्त मिसळण करत, स्वतः बनवायला लागली ती नंतर. पुढे मुलगा मार्सेल आला, आणि मार्सेलनंतर कारखाना कोणी सांभाळला असेल? जावयानं! जाँ-पिएर व्हान रॉय. आता त्यांचा मुलगा जाँ बघतो. तेव्हा तुमच्या बाटलीत जावयाचा हात दोन्हीकडून आहे.

आता आंबटपणाचं. माझं माहेर वडणग्याचं, आबांचं गुऱ्हाळ होतं. मी सातवीत असताना एका संध्याकाळी रस हौदात भरला आणि चुलवाणाची कड खचली. आधण चढलंच नाही. सकाळी हौदावर फेस, आणि वास असा की म्हशीनं तोंड फिरवलं. गुळव्यानं तरी हट्टानं काहील लावली, पण वाफ्यात ओतलेला पाक दुपारपर्यंत नुसता लोळत राहिला, रवा काही बसला नाही. रसातली साखर रात्रीत फुटली होती. आबा कोणालाच काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

आबा ज्याला रात्रभर भ्यायचे, त्याचीच ब्रसेल्सवाले वाट बघतात. लेक तिकडच्याच लुव्हेनला शिकत होती, तेव्हा तिनं मला या कारखान्यात नेलं. (१९७८ पासून कारखाना हेच संग्रहालय आहे, चालू असतानाच बघता येतं.) माळ्यावर गेले आणि थबकलेच. समोर तांब्याची भली मोठी, उथळ काहील! आपली गोल, त्यांची चौकोनी, एवढाच फरक. खाली साधारण दोन वाटे जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि एक वाटा कच्चा गहू यांचा गरम पाण्यात उतरलेला अर्क तीन-चार तास उकळतात. त्यात हॉप्सची फुलं घालतात, तीही दोन-तीन वर्षं ठेवून कडूपणा मेलेली. कारण हॉप्स इथं चवीला नाहीत, नको ते जंतू आवरायला आहेत. मग सगळं त्या काहिलीत सोडून रात्रभर निवू देतात, आणि माळ्याच्या झडपांतून थंड हवा आत घेतात.

विरजण घालतच नाहीत. हवेतून, तुळयांवरून, जुन्या लाकडी पिपांतून जे येईल तेच विरजण. (वर्गात मी ‘किण्व’ शिकवायचे, पोरं पेपरात ‘ईस्ट’ लिहायची. मार्क द्यायचे मी.) म्हणून हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, जवळजवळ आपल्या गुऱ्हाळाचाच. उन्हाळ्यात रात्री पुरेसा गारवा नसतो आणि हवेत उपद्रवी जंतू वाढतात. घरी जमेल का, याचं उत्तर त्यातच आलं. शिवाय परवान्याशिवाय असलं काही करणं दारूबंदी कायद्यात बसत नाही, तेव्हा तो नाद सोडाच.

पिपात गेल्यावर तिला ‘लाम्बिक’ म्हणतात. ती वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं पडून राहते. आधी साखर खाणारे येतात, मग आंबट करणारे, आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक चिवट किण्व. तबेल्यातल्या गवतासारखा जो वास तुम्हाला आला असेल, तो त्याचा. ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षांच्या लाम्बिकची मिसळण. कोवळीत थोडी साखर उरलेली असते, ती बाटलीत परत आंबते आणि वायू धरतो. जाड काच त्यासाठी. गाळ म्हणजे तेच मेहनती किण्व, खाली बसलेलं.

जाळ्यांचं म्हणाल तर पिपांच्या वासानं माश्या, चिलटं येतात, आणि फळं घातली की विचारू नका. ‘क्रीक’ नावाच्या बिअरमध्ये आंबट चेरी टाकतात, लिटरला सुमारे २०० ग्रॅम. तिथं औषध फवारलं तर सगळ्या विरजणाचीच वाट लागेल. म्हणून कोळी ठेवलेत, पगार न घेणारे. मी मात्र पदर सावरूनच फिरले.

दुसरी बाटली अंधाऱ्या, गार जागी ठेवा. वर्षं ठेवली तरी चालेल, पण कोल्हापूरचा मे महिना माळ्यावर काढायला लावू नका. प्यायच्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये, पण बर्फासारखी गार नको, नाहीतर वास मरतो. तांबड्या रश्शासोबत माझ्या मते फुकट जाईल, तिखट आणि आंबट दोघंही भांडतात. पांढऱ्या रश्शाबरोबर मात्र छान लागते, हे मी स्वतः करून बघितलंय.

ओतताना बाटली सावकाश तिरपी करा, मधे सरळ करू नका, नाहीतर गाळ वर येतो. शेवटचा गढूळ पेला जावयाला द्या. आणलीय त्यानंच.