निखाऱ्यावरचे प्रश्न

मागील अंकात उघड्या विस्तवावर स्वयंपाक करणाऱ्या नव्या उपाहारगृहांचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील तक्रार रास्त आहे आणि तिचे मूळ विस्तवातच आहे.

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही चौघे पुण्यात नुकत्याच सुरू झालेल्या एका ग्रिल रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. शेगडी सर्वांना दिसेल अशी मोकळी मांडलेली होती आणि उसळत्या ज्वाळा पाहून मुले हरखून गेली. पण अर्धी कोंबडी यायला पन्नास मिनिटे लागली, आणि आली ती वरून काळीठिक्कर, हाडाजवळ मात्र गुलाबी. विचारले तेव्हा ‘ओपन फायरवर असेच होते’ असे उत्तर मिळाले. खरोखरच असे होते का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : असे होऊ नये. मात्र आपल्या तीन तक्रारींपैकी एकच त्या आचाऱ्याच्या पदरात निःशंकपणे टाकता येईल, आणि ती काळेपणाची. ज्या ज्वाळांवर मुले भाळली, त्याच ज्वाळांनी कोंबडी जाळली. विस्तवावरचा स्वयंपाक ज्वाळेवर नव्हे, निखाऱ्यावर होतो. लाकूड पेटवल्यापासून त्याचे वर राखेचा पातळ थर धरलेले, आतून लाल निखारे होईपर्यंत पाऊण ते एक तास सहज जातो, म्हणून जाणता आचारी पहिले गिऱ्हाईक दारात येण्याच्या कितीतरी आधी चूल पेटवून मोकळा होतो. अर्जेंटिनात या पद्धतीच्या जेवणाला ‘असादो’ म्हणतात. तेथे लाकूड शेगडीच्या एका कडेला, लोखंडी पिंजऱ्यात वेगळे जळत असते आणि खाली गळलेले निखारे फावड्याने ओढून जाळीखाली पसरले जातात. जाळीखाली ज्वाळा येऊच द्यायची नाही, हा त्यामागचा हेतू. कित्येक ठिकाणी जाळीच्या सळ्याही पन्हळीसारख्या आणि किंचित उतरत्या असतात, म्हणजे वितळलेली चरबी निखाऱ्यांवर न सांडता पुढच्या पात्रात वाहून जाते आणि भडका उडत नाही. आपण पुन्हा अशा ठिकाणी गेलात, तर शेगडीचा एक भाग प्रखर आणि दुसरा मंद ठेवला आहे का, एवढे पाहावे. दोन्हीकडे सारखीच आग भडकलेली दिसली, तर कोंबडीऐवजी दुसरे काही मागवावे.

काळेपणाचे आणखी एक कारण वाटणात असू शकते. मांस साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्यावर खमंग तपकिरी रंग चढू लागतो. तो रंग म्हणजेच चव. त्यापुढचा काळा रंग म्हणजे निव्वळ कोळसा. वाटणात मध किंवा साखर असेल, तर तपकिरीपासून काळ्यापर्यंतचे अंतर फारच लवकर संपते, म्हणून गोड लेप कोंबडी उतरवण्याच्या थोडाच वेळ आधी लावायचा असतो.

गुलाबी रंगाबाबत मात्र मी त्या आचाऱ्याची थोडी बाजू घेईन. ब्रॉयलर कोंबड्या कोवळ्या वयातच कापल्या जातात आणि त्यांची हाडे सच्छिद्र असतात, त्यामुळे हाडातील मगजाचा रंग शिजतानाही भोवतालच्या मांसात उतरतो. कोंबडी पुरेशी शिजली की नाही, हे रंगावरून ठरत नाही. सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस तापमान भरले की ती निर्धोक समजावी, आणि ते तपासणारा सुईसारखा थर्मामीटर अशा स्वयंपाकघरात असायलाच हवा. ‘असेच होते’ असे ऐकवण्यापेक्षा वाढप्याने कोंबडी परत नेऊन ती सुई टोचून पाहिली असती, तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते. मांस लिबलिबीत लागत असेल आणि हाडापासून सुटत नसेल, तर रंगाचा वाद न घालता ताट सरळ परत पाठवावे; त्यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

उरले ते पन्नास मिनिटांचे. मंद निखाऱ्यावर हाडासकट अर्धी कोंबडी भाजायला तेवढा वेळ लागणारच. तसे मागणी घेतानाच सांगायला हवे होते, हे खरे. जाता जाता एक सांगतो : शेगडीला लागून असलेले टेबल मिळाले म्हणून मी एकदा खूश झालो होतो, अंगावरच्या लोकरी कोटाचा धुरकट वास पुढे पंधरा दिवस गेला नाही.

प्रश्न : माझे सासू-सासरे शुद्ध शाकाहारी आहेत. अशा ठिकाणी त्यांना न्यावे का, आणि नेल्यास काय मागवावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जाण्यापूर्वी फोन करून एकच विचारावे : भाज्यांसाठी जाळी आणि चिमटे वेगळे आहेत का? ‘आम्ही जाळी पुसून घेतो’ असे उत्तर आले, तर त्यांना नेऊ नये. मांसाची चरबी सळ्यांवर अशी बसलेली असते की ती पुसून निघत नाही. सोय वेगळी असेल, तर ज्या भाज्यांना स्वतःचे साल आहे त्या मागवाव्यात. सालासकट भाजलेला कांदा, मक्याचे कणीस, राखेत पुरलेले रताळे, वांगे यांचे वरचे साल जळते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. जळगावकडे पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजून केलेले भरीत ज्यांनी खाल्ले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पनीरला असे कवच नसते आणि ते वितळतही नाही. आचाऱ्याचे लक्ष क्षणभर हटले तरी त्याचा रबर होतो. मेनूकार्डावर पनीरचेच चार प्रकार असतील, तर शाकाहाराचा विचार तेथे फारसा झालेला नाही असे खुशाल समजावे.

प्रश्न : आमच्या भागातील नव्या ग्रिलमध्ये चक्क गॅस आहे. जाहिरातीत ‘धगधगता विस्तव’ म्हणायचे आणि आत सिलिंडर ठेवायचा, ही फसवणूक नव्हे काय?
— एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : जाहिरातीत लाकूड किंवा कोळसा असे स्पष्ट म्हटले असेल तर फसवणूक, एरवी नाही. मुंबईच्या हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळवण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर महापालिकेने कोळशाच्या तंदूर भट्ट्या वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा धाडल्या. तेव्हा मुंबईत नव्याने सुरू झालेल्या जागेत गॅस दिसला, तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

चवीचे म्हणाल, तर येथे अनेकांचा गैरसमज आहे. चांगल्या पेटलेल्या कोळशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. ज्याला आपण ‘भाजल्याचा वास’ म्हणतो, तो बहुतांशी तापलेल्या पृष्ठभागावर चरबीचा आणि रसाचा थेंब पडून जी वाफ उठते, तिचा असतो. गॅसच्या ज्योतीवर तापवलेले दगड किंवा लोखंडी पट्ट्याही ते काम करतात. लाकडाची गोष्ट वेगळी. त्यातील लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) जळताना जो सुगंधी धूर निघतो, तो गॅसला देता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी चरबीयुक्त पदार्थ मागवावेत, बांगडा किंवा कोंबडीची तंगडी. त्यांत फरक कमी जाणवेल. कोंबडीचा छातीचा तुकडा किंवा नुसत्या भाज्या मात्र धुराविना उघड्या पडतात.

प्रश्न : बिलात १० टक्के सेवाशुल्क लावले होते. ‘थेट विस्तवापाशी आचारी उभा असतो, म्हणून’ असे कारण दिले. ते द्यावेच लागते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात परस्पर लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना वैध ठरवताना ते ऐच्छिकच असल्याचे स्पष्ट केले. ते काढून टाकण्यास सांगावे, आणि नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जीएसटी ही वेगळी बाब आहे, तो द्यावाच लागतो. आचाऱ्याला विस्तवापाशी उभे राहण्याचा मोबदला पदार्थाच्या किमतीत आधीच धरलेला असतो. त्याउपर त्याने भाजलेली कोंबडी आवडली, तर बक्षिशी थेट त्याच्याच हातावर ठेवावी.